कंकण आणि वर्तुळ : क्षेत्रफळांची तुलना

गोल विहिरीच्या कठड्याच्या सपाट माथ्यावर गिलावा करायचा आहे. त्यासाठी माथ्याचे क्षेत्रफळ हवे. परंतु विहिरीचा मध्यबिंदू पाण्याच्या वर अधांतरी असल्याने तेथे टेपचे टोक धरता येत नाही. तरीही केवळ एका मापावरून हे क्षेत्रफळ मिळते. ते कसे, ते पाहू.

१. सूत्र आणि नेहमीची चूक

एकाच केंद्राच्या दोन वर्तुळांमधील भागाला कंकण म्हणतात. बाहेरील त्रिज्या क आणि आतील त्रिज्या ख मानू. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा केल्यास

कंकणाचे क्षेत्रफळ = πक² − πख² = π(क² − ख²)

अनेक विद्यार्थी घाईत π(क − ख)² असे लिहितात. ते कंकणाचे क्षेत्रफळ नव्हे. कंकणाच्या रुंदीएवढी त्रिज्या असलेल्या वर्तुळाचे ते क्षेत्रफळ आहे.

२. कंकणाएवढे वर्तुळ

मोठ्या वर्तुळाची अशी जीवा घ्या, की ती लहान वर्तुळाला स्पर्श करते. केंद्र म, स्पर्शबिंदू स आणि जीवेचे एक टोक अ मानू. स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते, म्हणून त्रिकोण मसअ मध्ये स येथे काटकोन आहे. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून सअ ही अर्धी जीवा. तिची लांबी ग मानू. पायथागोरसच्या प्रमेयानुसार

ख² + ग² = क², म्हणजेच ग² = क² − ख²

म्हणून कंकणाचे क्षेत्रफळ = πग². अर्धी जीवा ही त्रिज्या घेऊन काढलेले वर्तुळ आणि हे कंकण यांची क्षेत्रफळे समान असतात.

३. विहिरीकडे परत

कठड्याच्या माथ्यावर टेप सरळ ताणा. मधोमध ती आतील कडेला जेमतेम टेकली पाहिजे. बाहेरील कडेपासून बाहेरील कडेपर्यंतचे अंतर १.६ मीटर भरले, तर ग = ०.८ मीटर आणि क्षेत्रफळ = ०.६४π, म्हणजे सुमारे २.०१ चौरस मीटर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्रिज्या १.७ व १.५ मीटर असोत, की १ व ०.६ मीटर असोत, दोन्ही वेळा ग = ०.८ मीटरच येते. एक कठडा २० सेंटीमीटर रुंद, दुसरा ४० सेंटीमीटर. पण गिलाव्याला लागणारा माल सारखाच. पहिल्या कठड्यासाठी चुकीचे सूत्र वापरले असते, तर उत्तर ०.०४π, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढेच आले असते.

४. समान रुंदीची कंकणे

तिरंदाजीच्या १२२ सेंटीमीटर व्यासाच्या लक्ष्यफलकावर ६.१ सेंटीमीटर रुंदीचे दहा गुणपट्टे असतात. मध्यवर्ती वर्तुळाचे क्षेत्रफळ १ एकक मानल्यास त्याबाहेरील कंकणे क्रमाने ३, ५, ७, … १९ एकके भरतात, कारण न² − (न − १)² = २न − १. सर्वांची बेरीज १००. रुंदी सारखी असली, तरी १ गुणाचा बाहेरील पट्टा १० गुणांच्या वर्तुळाच्या १९ पट मोठा आहे. म्हणून कंकणांची तुलना केवळ रुंदीवरून करू नये.

सरावासाठी

कंकण आणि त्याच्या आतील वर्तुळ यांची क्षेत्रफळे समान असतील, तर क : ख हे गुणोत्तर काढा. (उत्तर : √२ : १) अशा वेळी त्रिकोण मसअ कोणत्या प्रकारचा असेल?