पदवीनंतर आयुर्वेदाकडे : राहिलेल्या जीवशास्त्राचा प्रश्न

निफाड परिसरातील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना एक प्रश्न पडत असतो. मुलाने बारावीस गणित घेतले, पुढे बी. फार्म. पूर्ण केले, आता त्यास बी. ए. एम. एस. करावयाचे आहे. पदवीच्या आधारे प्रवेश मिळेल काय?

केवळ त्या पदवीवर मिळत नाही. बी. फार्म.साठी भौतिक व रसायनशास्त्रासह गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय चालतो. गणित घेतलेल्यांस पहिल्या सत्रात पूरक जीवशास्त्र शिकविले जाते. मात्र ते बारावीच्या विषयाची जागा घेत नाही. आयुर्वेद पदवी शिक्षणाच्या २०२२ च्या नियमांनुसार बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र आवश्यक असून त्यांत एकत्रित ५० टक्के, तर राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. शिवाय ‘नीट’ आहेच.

तथापि मार्ग खुंटलेला नाही. बारावी उत्तीर्ण झाल्यावर अतिरिक्त म्हणून घेतलेले, मान्यताप्राप्त मंडळाचे जीवशास्त्र ‘नीट’साठी ग्राह्य धरण्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केले. राज्य मंडळाच्या परीक्षेसही ‘तुरळक विषय’ घेऊन बसता येते. परंतु वरील आयोग एम. बी. बी. एस.चा, आयुर्वेदाचा आयोग निराळा. म्हणून ‘नीट’ची व राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. प्रात्यक्षिकांविषयी नाशिक विभागीय मंडळाकडून लेखी खुलासा घ्यावा. तोवर नोकरी वा दुकान सोडू नये.

वर्षांचा हिशेबही मांडावा. जीवशास्त्रास एक वर्ष, अभ्यासक्रमास साडेचार व आंतरवासितेस एक. बाविसाव्या वर्षी आरंभ केल्यास, सर्व वेळेवर होऊनही, वैद्य होईतो एकोणतिसावे लागते. २०२५ च्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे होते, म्हणजे राहिलेल्या एका विषयावर निम्मी परीक्षा!

हा विषय केवळ कागदी अडसर नव्हे. पेशी, ऊती, रक्ताभिसरण यांची ओळख नसेल तर रचनाशारीर व क्रियाशारीर पाठांतरापुरतेच उरतात. उलट, औषधनिर्माणाचे ज्ञान रसशास्त्र व भैषज्यकल्पनेत निश्चित उपयोगी पडते.

सल्ला विचारावयास विद्यार्थी प्रथम आपल्याच दारी येतो. ‘पदवी आहे, होऊन जाईल’ असे आपण सहज म्हणावे आणि त्याचे वर्ष वाया जावे, हे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.