फास्ट आहे, पण ऐक ना!

बीबॉप पहिल्यांदा ऐकणाऱ्याची रिअ‍ॅक्शन जवळपास ठरलेली असते. दहाव्या सेकंदाला भुवया वर. विसाव्या सेकंदाला 'हे काय चाललंय?' आणि तिसाव्याला 'बंद कर ना, डोकं उठलं!' चार्ली पार्करच्या रेकॉर्ड्स ऐकवून मी आजवर बऱ्याच जणांना छळलंय. रूममेट, टीममधली मंडळी, लाँग ड्राइव्हला गाडीत अडकलेले बिचारे मित्र... त्यामुळे हे अगदी अनुभवाचे बोल. गंमत म्हणजे या रिअ‍ॅक्शनमध्ये नवीन काहीच नाही. ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेतही लोक असेच वैतागले होते!

थोडा फ्लॅशबॅक. त्याआधीची काही वर्षं जॅझ म्हणजे स्विंग. मोठे बँड, मोठे हॉल आणि फ्लोअरवर नाचणारी जोडपी. मग चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या क्लबांमध्ये काही तरुण वादक रात्री उशिरापर्यंत वेगळंच काहीतरी वाजवू लागले. चार-पाच जणांचा ग्रुप, भन्नाट स्पीड, नागमोडी सुरावटी. नाचायचं विसरा, बसून ऐका. हेच बीबॉप. आणि त्यातला अल्टो सॅक्सोफोनचा बादशहा म्हणजे पार्कर ऊर्फ 'बर्ड'.

चाल गेली कुठे?

२६ नोव्हेंबर १९४५. सॅव्हॉय या कंपनीसाठी पार्करनं 'को-को' रेकॉर्ड केलं. स्पीड मिनिटाला साधारण ३०० ठोके. ट्रेडमिलवर धापा टाकताना तुमचं हृदय जेवढं धडधडतं, त्याच्या जवळपास दुप्पट! ड्रम्सवर मॅक्स रोच, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी. आणि सगळा खेळ तीन मिनिटांच्या आत खलास, कारण तेव्हाच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं.

आता यातलं गुपित. 'को-को' हवेतून आलेलं नाही. त्याच्या खाली रे नोबलचं 'चेरोकी' हे लोकप्रिय गाणं दडलंय. त्या दिवशीचा पहिला टेक आजही ऐकायला मिळतो. त्यात मंडळी चक्क 'चेरोकी'ची चाल सुरू करतात आणि लगेच थांबतात. फायनल टेकमध्ये चाल गायब, उरला फक्त कॉर्ड्सचा सांगाडा. बीबॉपवाल्यांचा हा लाडका फंडा. रॉयल्टी द्यावी लागते ती चालीची. कॉर्ड्स वापरल्या म्हणून कुणी बिल पाठवत नाही. जमीन जुनी, घर नवं!

आमच्या टीममधल्या एकानं 'को-को' ऐकून 'हा माणूस नुसता स्केलवर पळतोय' असा निकाल दिला होता. त्याला आधी 'चेरोकी' ऐकवलं, चार्ली बार्नेटच्या बँडचं, १९३९ सालचं. दोनदा. मग म्हटलं, आता 'को-को' लावते, तू मनात 'चेरोकी' गुणगुणत राहा. दीड मिनिटानंतर पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर हसू. 'अरे, हा तिथेच आहे की! फक्त आपल्या आधी पोचतोय.' मला तर ही समीक्षाच वाटली. खाली काय चाललंय ते कळलं की तो स्पीड अंगावर येत नाही. दाणेदार तान घेऊन गवई समेवर आला की आपण 'क्या बात है' म्हणतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की रागाला एकच घर असतं आणि इथे पायाखालच्या कॉर्ड्स सतत बदलत असतात.

दोन पार्ट्या

तेव्हाच्या ऐकणाऱ्यांमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. त्याच सेशनमधल्या 'नाऊज द टाइम' आणि 'बिलीज बाउन्स' या जोडीला 'डाउनबीट' मासिकानं १९४६ मध्ये झोडपून काढलं. आज नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी 'नाऊज द टाइम'च ऐकवते, इतकं ते सोपं आणि गोड वाटतं. खुद्द लुई आर्मस्ट्राँगनं तक्रार केली की यात लक्षात राहील अशी चाल नाही आणि पाय थिरकवणारा ठेकाही नाही. इंग्रज कवी फिलिप लार्किननं तर १९७० च्या आपल्या जॅझवरच्या पुस्तकात पार्करला पिकासो आणि एझ्रा पाउंडच्या रांगेत बसवलं. कौतुकानं नव्हे, कला बिघडवणारे म्हणून!

दुसऱ्या पार्टीत होता जॉन कोल्ट्रेन. १९४५ मध्ये फिलाडेल्फियात त्यानं पार्करला ऐकलं आणि तो हादरूनच गेला. पण माझा फेव्हरिट आहे डीन बेनेडेट्टी. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. १९४७-४८ मध्ये तो रेकॉर्डिंग मशीन घेऊन पार्करच्या मागे क्लबांतून फिरला. पार्करचा सोलो सुरू झाला की मशीन चालू, बहुतेक वेळा इतरांची पाळी आली की बंद! ही रेकॉर्डिंग्ज १९९० मध्ये सात सीडींच्या संचात बाहेर आली. फॅन असावा तर असा.

ती एक रेकॉर्ड

इथपर्यंत सगळं मजेत. आता अवघड जागा.

२९ जुलै १९४६, हॉलिवूड. डायल कंपनीचं सेशन. पार्करला हेरॉइनचं व्यसन होतं आणि त्या दिवसांत हेरॉइन मिळेनासं झालं होतं, म्हणून तो दारूवर दिवस ढकलत होता. अशा अवस्थेत त्यानं 'लव्हर मॅन' वाजवलं. पियानो सुरुवात करून देतो, आणि सॅक्सोफोन यायला हवा तिथे येतच नाही. उशिरा येतो. मग सूर अडखळतात, तुटतात, पुन्हा सावरतात. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत आग लागली, पार्करला अटक झाली आणि पुढचे सुमारे सहा महिने त्यानं कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात काढले. कंपनीनं मात्र ती रेकॉर्ड बाजारात आणली. पार्करला याचा भयंकर संताप आला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

विचार करा. तुमच्या करिअरमधला सगळ्यात वाईट दिवस कुणीतरी रेकॉर्ड केला आणि विकायला ठेवला. वर लोक म्हणतायत, 'काय फील आहे यार!' कारण म्हणतात खरंच. बेसवादक चार्ल्स मिंगस ही रेकॉर्ड पार्करच्या सर्वोत्तम कामांमध्ये धरायचा. मी ऐकवली तेव्हा रूममेटचे डोळे भरून आले होते. एक मैत्रीण मात्र मध्येच उठली. 'आजारी माणसाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटतंय,' म्हणाली.

मला दोघींचंही पटतं. तो सोलो सुंदर आहे, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण आपण टाळ्या कशाला वाजवतोय हे तपासायला हवं. सुरांना, की त्या माणसाच्या कोसळण्याला? १२ मार्च १९५५ ला पार्कर गेला, तेव्हा तो फक्त ३४ वर्षांचा होता. 'व्यसनी जीनियस' ही गोष्ट आपल्याला फार आवडते. पण 'को-को'मधली ती अचूकता नशेतून आलेली नाही. पोरवयात तासन्‌तास केलेल्या रियाजातून आली आहे. नशेनं काय होतं, ते 'लव्हर मॅन'मध्ये ऐकू येतं.

म्हणून माझा एक साधा नियम आहे. पार्करची पहिली ओळख 'लव्हर मॅन'नं करून द्यायची नाही. आधी 'नाऊज द टाइम', मग 'चेरोकी'सकट 'को-को'. 'लव्हर मॅन' शेवटी, आणि तेही एकटं नाही. पार्करनं १९५१ मध्ये हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, ते त्याला लागूनच लावायचं. त्यात तो वेळेवर येतो आणि स्वतःच्या मर्जीनं गातो. आपलं म्हणणं मांडायची एवढी संधी तर त्याला द्यायलाच हवी, नाही का?