मरोळच्या दफनभूमीतील २ नोव्हेंबर

अंधेरीच्या मरोळ गावठाणातील ईस्ट इंडियन समाज हा साष्टी बेटाचा मूळ रहिवासी, पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेला, परंतु घरी मराठीचीच बोली बोलणारा. त्यांचे १५७९ सालचे जुने चर्च साथीच्या प्रकोपामुळे १८४० च्या सुमारास सोडावे लागले आणि त्याचे भग्नावशेष आज सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात उभे आहेत. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व मृतांचा स्मरणदिन; क्लूनी मठाचे अधिपती ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी तो प्रचारात आणला. यंदा स्नेह्यांच्या आग्रहावरून मी मरोळच्या दफनभूमीत प्रथमच त्यास उपस्थित राहिलो.

धुऊन स्वच्छ केलेल्या थडग्यांवर झेंडूच्या पाकळ्यांचे क्रूस रेखले होते, आणि धर्मगुरू पवित्र जल शिंपडीत ओळीओळीने फिरत असता, लुगडे नेसलेली एक आजी वाऱ्याने विझणारी मेणबत्ती पुनःपुन्हा पेटवीत, शेजारच्या बेवारस कबरीवरही एक लावीत होती. तो औदार्याचा संस्कार मला फार थोर वाटला.

जागेच्या टंचाईमुळे मुंबईतील बहुतेक कबरी कायमच्या नसतात. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यांत ठेवतात, म्हणून गर्दी त्या भिंतीपाशीही तितकीच असते. तुम्हांस जावयाचे असल्यास आधी एखाद्या कुटुंबाची अनुमती घ्यावी, आणि छायाचित्रे काढू नयेत.