कोणतं स्टॅटिन? एका जुन्या वादाचा मागोवा

१९६८च्या फेब्रुवारीत मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. हृदय बदलून पाहण्याची हिंमत तेव्हा होती. कोलेस्टेरॉल भरवशाने खाली आणणारी गोळी मात्र जगात कुठेच नव्हती.

जपानच्या अकिरा एंदो यांना १९७३मध्ये बुरशीत कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन सापडलं. तरी डॉक्टरांचा खरा विश्वास बसला तो १९९४मध्ये. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिमवास्टॅटिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं. मृत्यू सिमवास्टॅटिनच्या गटात १८२, दुसऱ्यात २५६.

मग वाद उरला तो कोणतं स्टॅटिन, एवढाच. २००१मध्ये सेरिवास्टॅटिन स्नायूंच्या गंभीर इजेमुळे बाजारातून गेलं. २००४चा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रावास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीनेच त्यासाठी पैसा दिला होता, आणि आपली ४० मिलिग्रॅमची गोळी अटॉर्वास्टॅटिन ८०पेक्षा कमी पडत नाही, हे दाखवायचं होतं. नुकताच अटॅक येऊन गेलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या चार हजारांवर रुग्णांत झालं उलटंच. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, प्रावास्टॅटिनच्या गटात ९५, अटॉर्वाच्या गटात ६२. आणि मृत्यू, अटॅक, पुन्हा दवाखाना असे प्रसंग अटॉर्वाच्या गटात १६ टक्क्यांनी कमी. जास्त जोखमीच्या रुग्णाला सौम्य उपचार पुरत नाही, हे तिथे ठरलं.

आपल्याकडे २००५पर्यंत औषधावर उत्पादन-पेटंट नव्हतं. त्यामुळे देशी कंपन्यांनी अटॉर्वा लवकर आणि स्वस्तात बनवलं. गिरण्या बंद पडलेल्या लालबाग-परळमध्ये आयुष्यभर घ्यायच्या गोळीच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

पुढे रोसुवास्टॅटिन आलं. तेच श्रेष्ठ, असं दादर-गिरगावातही अनेकजण धरून चालतात. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ते जोरदार आहे, हे खरं. पण २०२३मध्ये कोरियातल्या ४,४०० हृदयरुग्णांचा निकाल आला. तीन वर्षांत मृत्यू, अटॅक, पक्षाघात यांत दोन्ही गट जवळपास सारखे. रोसुवा घेणाऱ्यांत एलडीएल किंचित कमी, पण औषध लागेल असा नवा मधुमेह ७.२ टक्क्यांना, अटॉर्वात ५.३. घरोघरी साखर असलेल्या आपल्या वस्तीत हा आकडा लक्षात ठेवायलाच हवा. मूत्रपिंड फार कमकुवत असेल तर रोसुवाचा डोस कमी ठेवावा लागतो. अटॉर्वाला ते बंधन नाही.

डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरतं. म्हणून आता अडलं की एझेटिमाइब हे वेगळं औषध जोडतात. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४मध्ये अतिजोखमीच्या रुग्णांसाठी एलडीएल ५५च्या खाली हवं, असं सांगितलं.

माझ्या मते नावाचा वाद आता जवळजवळ मिटला आहे. भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक परस्पर गोळी सोडतात. तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल असतो. ती थांबली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर जातं.