मागचे रान धूसर कसे होते?

नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी पक्षी अभ्यासकांना रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीलायक नोंदच नव्हती. तब्बल ११३ वर्षांनी तो सापडला. नंदुरबार जिल्हा त्याच्या पुढच्या वर्षी झाला आणि आज हा पक्षी जिल्ह्याची ओळख आहे. तोरणमाळच्या बाजूला कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना तो टिपायचा असतो आणि मागचे सागाचे रान अगदी मऊ, धूसर हवे असते. त्यासाठी टेलिफोटो लेन्स चांगली की मॅक्रो, हा वाद मात्र मिटत नाही.

हा वाद समजून घ्यायला आपला डोळा पुरेसा आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे भर उन्हात चष्म्याशिवायही थोडीफार लागतात. संध्याकाळी घरात तीच पुसट दिसतात. उन्हात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, कमी उजेडात ती मोठी होते. छिद्र लहान तर फोकसबाहेरच्या बिंदूची पसरट चकती लहान, छिद्र मोठे तर चकतीही मोठी. डोळे तपासताना बारीक छिद्रातून वाचायला लावतात, ते याच कारणाने.

लेन्सचेही तसेच. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ४०० मिलिमीटरची टेलिफोटो एफ ५.६ वर असेल तर छिद्र सुमारे ७१ मिलिमीटरचे. १०० मिलिमीटरची मॅक्रो एफ ८ वर असेल तर साडेबारा मिलिमीटरचे. आता गंमत अशी, की खूप दूरच्या पार्श्वभूमीतला प्रत्येक बिंदू फोटोत साधारण या छिद्राएवढी चकती होऊन उमटतो, आणि ती मोजायची समोरच्या प्राण्याच्या मापाने. रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरचा. त्याच्या मागच्या डोंगराचा एकेक बिंदू पक्ष्याच्या जवळजवळ एक तृतीयांश आकाराचा होतो आणि सातपुडा नुसता रंग होऊन जातो. एक सेंटिमीटरच्या मुंगीमागे मॅक्रोची साडेबारा मिलिमीटरची चकती तर मुंगीहून मोठी. म्हणजे दूरचे दोघीही पुसतात.

फरक जवळच्या पार्श्वभूमीत आहे. मॅक्रोने मुंगी सेन्सरवर खऱ्या आकाराची घेतली आणि पान तिच्या दोनच सेंटिमीटर मागे असले, तर चकती जेमतेम एक मिलिमीटरची होते आणि पानाच्या शिरा डोकावत राहतात. त्याच वेळी स्पष्ट दिसणारा थर एफ ८ वर मिलिमीटरभरच असतो; डोळा फोकसमध्ये आला की पाय गेलेच.

एकच फुलपाखरू चौकटीत त्याच आकाराचे आणि एफच्या त्याच आकड्यावर १०० ची मॅक्रो आणि ३०० ची टेलिफोटो अशा दोन्हींनी घेतले, तर स्पष्ट थराची जाडी जवळपास सारखीच येते. अनेकांना हे पटत नाही. टेलिफोटोत मागच्या रानाचा एक तृतीयांशच रुंदीचा तुकडा दिसतो आणि दूरची चकती तिप्पट होते, म्हणून फोटो अधिक मऊ वाटतो. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हा परिणाम गणिताने काढतो आणि पिसांच्या कडाही पुसतो. नोंदीसाठी तो वापरू नये. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. ओळख तेवढ्यावर अडू शकते.

धूसरपणासाठी एक मोहाचा मार्ग म्हणजे आणखी जवळ जाणे. १०० च्या मॅक्रोने खऱ्या आकाराचा फोटो घेताना लेन्सचे टोक प्राण्यापासून वीतभरही नसते. फुलपाखराला ते चालेल. घरट्यावरच्या रानपिंगळ्याला नाही, आणि घोणस किंवा फुरसे समोर असेल तर माणसालाही नाही. साप चावल्यावर ओळखीसाठी त्याचा फोटो काढायला परत जाणे तर निव्वळ वेळ घालवणे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे आणि उपचार रुग्णाच्या लक्षणांवरून ठरतो.

मॅक्रोवाल्यांचा दुसरा धोका गवतातला. पावसाळ्यात आणि नंतर गुडघ्यांवर, पोटावर पडून किडे टिपताना सूक्ष्म माइट्सच्या अळ्या चावतात आणि स्क्रब टायफस होऊ शकतो. लांब बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, परतल्यावर अंघोळ आणि कपडे धुणे एवढे तरी करावे. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का ते पाहावे आणि रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो.