घारगे आणि सफरचंदाची भजी : गोड तळणीतलं पाण्याचं गणित

भाद्रपदात महाड-पोलादपूरकडच्या गावांत मांडवावर चढलेल्या वेलीला मोठाल्या काकड्या लागलेल्या असतात आणि परसात तांबडा भोपळा भरत आलेला असतो. मुंबईहून चाकरमानी गणपतीसाठी घरी येतात. मोदक होतात, वडे होतात आणि भोपळ्याचे किंवा काकडीचे घारगेही तळले जातात. याच दिवसांत हिमाचल-काश्मीरची नवी सफरचंदं महाडच्या बाजारात आलेली असतात. गणपतीपुढच्या पाच फळांत सफरचंद असतंच, आणि विसर्जनानंतर ते बरेचदा टोपलीत सुकत पडतं.

या सफरचंदाची गोड भजी उत्तम होतात. युरोप-अमेरिकेत हा जुना घरगुती पदार्थ आहे आणि नेदरलँड्समध्ये तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो आवर्जून तळतात. आपल्याकडे मात्र तो करायला गेलं की भजी मऊ पडतात, आवरण सुटून येतं किंवा सगळंच तेलकट होतं. याचं उत्तर आपल्याच घारग्यांत आहे. फळ किंवा फळभाजी तळायची म्हणजे तिच्यातलं पाणी सांभाळायचं. एवढं एक सूत्र नीट कळलं की भोपळा, काकडी, केळं आणि सफरचंद या चारही गोष्टी हाताशी येतात.

पाणी कुठून येतं आणि काय करतं

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, तांबड्या भोपळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास, सफरचंदात साधारण ८५ आणि पिकलेल्या केळ्यात ७५. तळणीचं तेल १६० ते १८० अंश सेल्सियसवर असतं, आणि पाण्याची तर १०० अंशांवर वाफ होते. त्यामुळे पदार्थ तेलात पडल्याबरोबर त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडू लागतं. आपल्याला दिसणारे बुडबुडे याच वाफेचे.

ही वाफ जोरात बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, आवरण धरायला वेळ लागतो आणि पदार्थ तेल पितो. उलट पाणी प्रमाणाबाहेर असेल तर बाहेरून रंग येतो, पण आत पीठ कच्चट राहतं. म्हणून पाण्याला आधी पिठात बांधून घ्यायचं किंवा फळाच्या आतच कोंडून ठेवायचं. घारग्यांत पहिली युक्ती वापरतात, भज्यांत दुसरी.

भोपळ्याचे घारगे

साहित्य : तांबड्या भोपळ्याचा कीस २ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी, तांदळाचं पीठ अर्धी वाटी, कणीक साधारण दीड वाटी, कडकडीत तेलाचं मोहन २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ किंवा वेलची, वरून लावायला खसखस.

कीस आणि गूळ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र शिजत ठेवा. पाणी अजिबात घालू नका. गूळ विरघळताना भोपळ्यातलं पाणी बाहेर काढतो आणि त्यातच कीस शिजतो. कीस मऊ झाला, मिश्रण थोडं आळलं की मीठ आणि जायफळ घालून गॅस बंद करा. गरम असतानाच तांदळाचं पीठ घालून ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

या दहा मिनिटांत खरं काम होतं. मोदकाची उकड काढताना होतं तेच इथेही घडतं. तांदळातलं पिष्ट साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतं आणि चिकट होतं. भोपळ्याचं सुटं पाणी अशा रीतीने पिठात बांधलं जातं. थंड मिश्रणात तांदळाचं पीठ घातलं तर ते कोरडं आणि भुसभुशीत राहतं आणि घारगा थापताना कडांना चिरतो.

मिश्रण कोमट झाल्यावर मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. कणकेतलं ग्लूटेन पिठाला ताण देतं, म्हणून घारगा फुगू शकतो. नुसती कणीक घेतली तर तो वातड होतो, नुसतं तांदळाचं पीठ घेतलं तर फुटतो. दोन्ही हवीतच.

मळलेलं पीठ अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. गूळ हळूहळू पाणी सोडत राहतो आणि पीठ सैल पडतं. सैल झालं म्हणून पुन्हा पुन्हा कणीक घालत गेलं की घारगे कडक होतात आणि गोडीही उतरते.

केळीच्या पानाला तेलाचा हात लावून लिंबाएवढा गोळा बोटांनी थापा. जाडी पुरीपेक्षा थोडी जास्त, चार ते पाच मिलिमीटर, आणि कडेपर्यंत सारखी हवी. वरून खसखस दाबून मध्यम आचेवर तळा.

काकडीचे घारगे : फरक कुठे

या घारग्यांसाठी जून, मोठी काकडी घ्यावी. आधी टोक कापून चाखून पाहा. कडू निघाली तर टाकून द्या; गुळाने कडूपणा जात नाही आणि फार कडू काकडी पोटाला बाधते. साल आणि बिया काढून कीस करा आणि गुळाबरोबर भोपळ्यापेक्षा जास्त वेळ आटवा, कारण इथे पाणी अधिक आहे. कीस पिळून पाणी फेकू नये, स्वाद त्याच्याबरोबर जातो. तांदळाच्या पिठाचं प्रमाण मात्र वाढवा. दोन वाट्या किसाला वाटीभर तांदळाचं पीठ आणि त्यानंतर लागेल तेवढीच कणीक, हे जमतं.

केळं आणि नाचणी

फार पिकलेली केळी कुस्करून गुळगुळे करता येतात. केळ्यात पाणी तुलनेने कमी आणि साखर भरपूर, त्यामुळे गूळ अर्धाच लागतो. सह्याद्रीच्या उतारावरची नाचणी या भागात पूर्वीपासून पिकते. तिचं पीठ इथे चांगलं लागतं. दोन केळ्यांना अर्धी वाटी नाचणी आणि अर्धी वाटी कणीक घ्या. नाचणीत ग्लूटेन नसतं आणि ती पाणी सावकाश पिते, म्हणून भिजवलेलं पीठ पंधरा मिनिटं मुरू द्या. चमच्याने सोडता येईल इतकं घट्ट ठेवा. नाचणीचा रंग मुळात गडद असल्याने रंगावरून तळणीचा अंदाज घेऊ नका. एक गुळगुळा मोडून आतून पाहा.

सफरचंदाची गोड भजी

सफरचंद आपल्या हवेचं फळ नाही. प्रचलित बहुतेक जातींच्या झाडांना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते, तरच ती फुलतात. हिमाचलात कोटगढला, तिथे स्थायिक झालेले अमेरिकी सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशस जातीची कलमं आणून लावली आणि तिथल्या व्यापारी बागायतीला वळण मिळालं. आपल्याला बाजारात दिसणारी गडद लाल, गोड सफरचंदं बहुतांशी याच घराण्यातली असतात.

तळायला फळ टणक आणि थोडं आंबटसर हवं. पिठूळ झालेलं सफरचंद तेलात विरघळल्यासारखं होतं. टोपलीत राहिलेलं फळ बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर भजी करा, मऊ पडलं असेल तर किसून घारग्यांच्या रीतीने गुळाबरोबर शिजवा.

साहित्य : टणक सफरचंदं २, मैदा किंवा बारीक कणीक पाऊण वाटी, तांदळाचं पीठ पाव वाटी, साखर २ लहान चमचे, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनीची पूड, थंड दूध किंवा पाणी लागेल तसं, थोडा लिंबाचा रस, तळायला तेल.

१. आधी पीठ भिजवा. चमचा बुडवून काढल्यावर त्यावर जाडसर थर राहिला पाहिजे. दूध थंड घ्या आणि फार घोटू नका. घोटलं की ग्लूटेन ताणलं जातं आणि आवरण चिवट होतं. तांदळाच्या पिठामुळे कुरकुरीतपणा येतो.

२. सफरचंद सोलून मधला गाभा काढा आणि पाऊण सेंटिमीटर जाडीच्या गोल चकत्या करा. लिंबाचा रस चोळा, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. चकत्यांना साखर लावून ठेवू नका. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि आवरण धरत नाही.

३. चकत्या स्वच्छ फडक्याने टिपून कोरड्या करा आणि कोरड्या पिठात दोन्ही बाजूंनी घोळवा. ही पायरी टाळू नये. ओल्या फळावरून भिजवलेलं पीठ घसरतं. मधला कोरडा थर वरचं पाणी शोषतो आणि आवरणाला धरून ठेवतो.

४. भिजवलेल्या पिठात बुडवून, जास्तीचं निथळून, कढईत अलगद सोडा. एका वेळी तीन-चारच. दोन-तीन मिनिटांनी उलटा. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की झाऱ्याने निथळून काढा.

५. पिठीसाखर आणि वेलची खाताना वरून भुरभुरा.

चकत्यांऐवजी बारीक फोडी घट्ट पिठात मिसळून चमच्याने सोडल्या तरी चालतं. तेव्हा आच थोडी कमी ठेवा, कारण गोळा जाड असतो आणि आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो.

तेल आणि आच

गूळ किंवा साखर घातलेलं पीठ साध्या पिठापेक्षा लवकर तांबूस होतं. म्हणून गोड तळणीला प्रखर आच चालत नाही. पिठाचा लहान गोळा तेलात टाकून पाहा. तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल योग्य, लगेच उसळून काळपट झाला तर जास्त तापलेलं, आणि तळाशीच बसून राहिला तर अजून वेळ आहे. थर्मामीटर असल्यास घारग्यांना १६० ते १६५ आणि भज्यांना १७० ते १७५ अंश धरा.

प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापू द्या. थंड, ओले गोळे पडले की ते लगेच काही अंशांनी उतरतं. कढई भरून तळलं तर आणखी उतरतं.

उरलेलं तेल गाळून फोडणीला दोन-चार दिवसांत संपवा. गडद झालेलं, फेस येणारं किंवा वास बदललेलं तेल पुन्हा तळणीला घेऊ नका. व्यावसायिक वापरासाठी भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात वारंवार तापवल्याने तयार होणाऱ्या एकूण ध्रुवीय घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण त्यामागचं कारण घरालाही लागू आहे.

बिघडलं तर कारण शोधा

तेलात घारगा फुटला : पीठ सैल आहे, तांदळाचं पीठ जास्त झालं किंवा गोळ्यात किसाचे कच्चे तुकडे राहिले.

फुगला नाही : जाडी सारखी नव्हती किंवा तेल थंड होतं.

कडक झाला : चिक्कीचा गूळ वापरला किंवा मळताना कणीक वाढत गेली. साधा, मऊ गूळच घ्या.

भज्यांचं आवरण सुटलं : चकत्या ओल्या होत्या.

भजी थोड्या वेळात मऊ पडली : ताटात एकावर एक रचली. आतली वाफ बाहेर जायला जागा हवी, म्हणून जाळीवर किंवा चाळणीत सुटी ठेवा.

महाड-पोलादपूर ज्यात येतात त्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा हवेत पीठ आधीच ओलावा धरून असतं आणि गूळही पाझरतो. त्यामुळे एप्रिलमध्ये जमलेलं प्रमाण सप्टेंबरात जसंच्या तसं चालत नाही. पावसात दूध-पाणी दोन चमचे राखूनच घाला.

किती टिकतं

घारगे पूर्ण गार करून डब्यात भरले तर पावसाळ्यातही दोन दिवस राहतात, कारण त्यांतलं पाणी बांधलेलं असतं आणि गूळही टिकाऊपणाला मदत करतो. मुंबईला परतणाऱ्यांच्या शिदोरीत घारगे द्यायला हरकत नाही. सफरचंदाची भजी मात्र तासाभरात खावीत. त्यांच्यातलं पाणी फळात मोकळंच असतं आणि ते आवरणात उतरतं.

नवशिक्याने आधी केळ्याचे गुळगुळे करावेत, मग भोपळ्याचे घारगे, त्यानंतर काकडीचे आणि शेवटी सफरचंदाची भजी. या क्रमाने हात बसला की पुढच्या गणपतीनंतर पूजेच्या फळांतलं एकही सफरचंद वाया जाणार नाही, आणि परसातल्या भोपळ्यालाही गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.