छपरीतला पोळा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्या वाटणीचा अंमल आजही बालाघाटच्या किरनापुरातल्या मुलांच्या दप्तरांत दिसतो. पुस्तके हिंदी, आणि पुष्कळ घरांतले बोलणे मराठी किंवा पोवारी. अशाच एका परिचित घराच्या छपरीत मी काही दिवस रोज संध्याकाळी बसत असे.

घरातली सहा वर्षांची मुलगी वडिलांपुढे पुस्तक उघडी, तेव्हा तिचे बोट ओळीवर आणि डोळे वडिलांच्या मुद्रेवर असत. स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर सुटल्याची खंत बाळगणाऱ्या त्या गृहस्थांचा कळवळा निःसंशय खरा होता. पण प्रत्येक अडखळण्याबरोबर ‘पुन्हा वाच’ असा हुकूम सुटे, वाचनाला कचेरीतल्या जबानीची कळा येई, आणि तिसऱ्या हुकमानंतर मुलगी सारे पान तोंडपाठ म्हणून मोकळी होई, बोट मात्र भलत्याच ओळीवर राही.

सुपात तांदूळ निवडणाऱ्या आजीला अक्षर येत नव्हते. गोंदियाहून आणलेली मराठी दिनदर्शिका भिंतीवर होती, तिच्याकडे हात करून त्या म्हणाल्या, “पाय बरं माय, पोळा कवा हाय? बैलाले झूल शिवाची हाय.” मुलगी पाटावर चढली. चौकटींवरून बोट फिरवीत एका जागी ‘पो’ म्हणून थबकली, कारण पुढचे अक्षर तिच्या हिंदी वर्णमालेत नव्हतेच. आजी तांदळातून मान वर न करता थांबून राहिल्या. त्यांना उत्तर खरोखरीच हवे होते, आणि माझ्या मते त्या संध्याकाळी त्यांचे न शिकणेच मुलीच्या कामी आले. “पो... पोळा!” मुलगी ओरडली, डोळ्यांना अनोळखी असलेले अक्षर जिभेने ओळखले होते. मग तेच अक्षर अलीकडच्या एका चौकटीत, ‘गोपाळकाला’ या शब्दात, तिला आपणहून सापडले.

बोर्डीस १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडकांनी पुढे शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली, त्याचे मर्म मला या छपरीत उमगले.

वडील उठून भिंतीपाशी आले. त्यांचेही शिक्षण हिंदीतच झालेले. ‘ळ’वर बोट ठेवून, काहीशा संकोचाने, त्यांनी लेकीला विचारले, “हे कसं वाचाचं?”